अंधाराची वही

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, व्यवसाय मुद्रितशोधन, शिक्षण संस्कृतचे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण दार बंद आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला.

२. संस्कृत कोशाचे तिन्ही खंड मुलीला. तिने ते उशाला घेतले तरी चालेल. पदवीच्या वर्षी मीही तेच केले.

३. शेजारच्या शिंप्याला माझी काळी छत्री. ती चार वर्षे त्याच्याकडेच आहे. आता निदान कायदेशीर होईल.

४. आता पट. धाकट्या भावाला संगणकावरचा राज्ये जिंकण्याचा खेळ आवडे. मला त्या पडद्यासमोर दहा मिनिटांत डोके धरून बसावे लागे. म्हणून आम्ही तोच खेळ पुठ्ठ्यावर उतरवला. दोनशे एकाहत्तर षट्कोन कापले, सैन्य म्हणून शर्टाची बटणे घेतली. अडले एकाच ठिकाणी. संगणक शत्रूचा मुलूख काळोखात झाकून ठेवतो. पुठ्ठा काहीच झाकत नाही. तेव्हा पत्नी म्हणाली, "मी होते अंधार." आम्ही आपापल्या चाली तिला चिठ्ठीवर द्यायचो, ती वहीत टिपायची आणि सैन्ये समोरासमोर आली की तेवढेच सांगायची. अकरा वर्षे, दर रविवारी. चहाही अंधारच करत असे.

५. सहा वर्षांपूर्वी मी थेट भावाच्या रिकाम्या किल्ल्यावर चालून गेलो.

"दादा, तुला कसं कळलं?"

"अनुमान. न्यायशास्त्र शिकलोय मी."

"वहिनी, तुम्ही सांगितलंत ना याला?"

तिने नुसती वही मिटली, ती आजतागायत उघडलेली नाही. भाऊ अडीअडचणीला धावून येतो, पण त्या टेबलाशी बसत नाही.

ते अनुमान नव्हते, प्रत्यक्ष होते. ती चहा गाळायला गेली असताना मी वही पाहिली. जन्मभर इतरांच्या चुका दुरुस्त करून पगार घेतला. माझी ही एक तशीच छापून गेली.

काल पत्नीला हे सांगितले.

"माहीत होतं," ती म्हणाली. "वहीत बिस्किटाचा चुरा होता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"अंधार चुगल्या करतो का?"

६. पट भावाला द्यायचा होता. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. त्याने हे वाचावे म्हणून मला तो साक्षीदारच हवा आहे. सबब त्याला काहीही नाही. पट, बटणे व वही पत्नीला. खेळायला कोणाला बसवायचे ते तिने ठरवावे. मला वगळल्यास माझी तक्रार नाही.

ठिकाण: जेवणाचे टेबल. शुक्रवार, बारा तारीख.
सही: मुद्रितशोधक

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. मन ठिकाणावर असल्याची खात्री केली. दातांची आधीच झाली आहे.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. वाचून सही केली. दादा, किल्ला परत दे. वहिनी, चुकलो. रविवारी येतो, अंधार व्हाल ना? आणि बिस्किटं याच्यापासून लांब ठेवा.