खिंडीतलं कुत्रं

प्रिय बिरू,

तुझ्या त्या जपानी मालिकेचा शेवटचा भाग काल पुन्हा पाहिला. रविवारच्या पुरवणीला तिच्यावर माझं मत हवं आहे, तेही आज संध्याकाळपर्यंत. सकाळपासून बसलोय, पण दर वाक्याला तूच आडवा येतोस. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं. पुरवणीचं पान लावायला तू असतास, तर ‘सायेब, आटपा की!’ म्हणून ओरडला असतास ना?

मालिका देखणी आहे. डोंगरावरचा बर्फ, वाऱ्यात हलणारी लोकर, गाव वाचवायला मेंढरं आणि कुत्रं संगं घेऊन राक्षसाकडं निघालेली ती मेंढपाळ पोर. पण गड्या, रक्त फार! ती ज्या पुस्तकावरून काढलीय, त्या तुझ्याकडच्या चित्रकथेत राक्षस जवळजवळ दिसतच नाही. पोर खिंड चढते आणि पानंच्या पानं नुसता बर्फ. ‘सायेब, कोरी जागा सोडायला लय धाडस लागतं,’ असं तूच म्हणाला होतास. मालिकेवाल्यांना ते जमलं नाही. सगळीकडं किंकाळ्या, संगीत आणि काळाकुट्ट पडदा. अंधाराची भीती वाटायला आधी थोडं ऊन नको का?

आपल्या पेपरच्या विश्रामबागच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तू आईला फोनवर ही गोष्ट सांगायचास. मी डबा खात ऐकायचो.

‘आये, पोर खिंडीच्या तोंडाशी पोचली बघ.’

पलीकडून तुझ्या आईचा, आक्कांचा आवाज यायचा, ‘आन् कुत्रं?’

‘हाय की संगं!’

पुस्तकात तर ते कुत्रं कधीच मेलेलं! मी विचारलं, तर तू हसून म्हणालास, ‘आयेला न्हाई चालत.’ मला वाटलं, आईचं मन जपतोयस. शेवट मात्र तू राखून ठेवलास. आणि तापाचं निमित्त होऊन आठवड्यात निघून गेलास! हे काय वागणं झालं, बिरू?

मागच्या आठवड्यात म्हसवडजवळ तुमच्या वस्तीवर गेलो होतो. लेकाला आवडणारी गोष्ट आक्कांनी डोळ्यांनी पाहावी, म्हणून मोबाईलवर मालिका लावली. सुरुवातीला त्या हसल्या. ‘ही मेंढरं हायती का कापसाचं गठ्ठं?’ मग कुत्र्याचा प्रसंग आला. मालिकेत ते किती वेळ मरतं! आक्कांनी पडद्यावर तळहातच ठेवला.

‘बंद कर. चुकवलंय ह्यांनी. कुत्रं मेलंच न्हाई. माझ्या बिरूनं सांगितलंय.’

‘व्हय, आक्का,’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

‘मग म्होरं काय झालं? पोर खाली आली का रं?’

पोर येत नाही. पुस्तकातही नाही, मालिकेतही नाही. पण लेक गमावलेल्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हणालो, ‘येईल की.’

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. ‘मेली असंल तर मेली म्हण. मी मरण बघितलं न्हाई व्हय? पण पोर गेल्यावर मेंढरं घरला कोण आणणार? त्यासाठीच बिरूनं कुत्रं राखलं असणार.’

आम्ही शहरातली माणसं तुझ्या त्या बदलाला दया समजत होतो! तू तर शेवटाची तयारी करत होतास. हे मूळ लेखकाला सुचलं नाही, मालिकेवाल्यांना सुचलं नाही. पुरवणीत मी मालिकेला बरी म्हणेन, चित्रकारांचं कौतुक करीन. पण त्या गोष्टीचं सगळ्यात चांगलं रूप फोनवर अर्धं राहिलं, हे तिथं कसं लिहू?

रविवारी सुट्टी आहे. सकाळच्याच एसटीनं वस्तीवर जातो. मोबाईल खिशातच राहील. आक्कांना सगळं खरं सांगेन. पोर खिंडीतच राहील, आणि कुत्रं एकूण एक मेंढरू हाकत खाली गावात आणील. तुझ्यासारखं रंगवून जमणार नाही, पण सांगेन नक्की.

तुझा,
अनंतराव