न्याय मागवला होता

शनिवार, ११ सप्टेंबर १९५४

पार्सल आलं. हिवाळी कोट एक, साडेअठरा डॉलर. राखी लोकर चार लड्या, दोन डॉलर. बरण्यांची रबरं दोन डझन, पन्नास सेंट. लोकर चांगली आहे. कोट मागवला होता काळा — आला तपकिरी!

चूक माझ्या हाताची. फॉर्मवर रंगाच्या आकड्यात मी इंग्रजी एक (1) लिहिला, कंपनीनं सात (7) वाचला. आम्हां जर्मन घरांतल्या माणसांचा एक असाच, डोक्यावर लांब शेंडी घेऊन उभा. हायस्कूल संपेपर्यंत बाईंनी कान उपटले, शेंडी काही गेली नाही.

आमचे हे, राइनहोल्ड, म्हणाले, "ठेव की. थंडीला रंग कळत नाही."

पण मागवलं नाही ते आपलं नाही. कुणीतरी तपकिरीची वाट बघत असेल. आठवड्याभरात परत करीन. टपालखर्च जाईल, जाऊ दे.

दुपारी यांचं मंडळाचं काम होईपर्यंत कोर्टाच्या तळघरातल्या बायकांच्या खोलीत बसले. शनिवारी गावात आलेल्या बायकांना टेकायला, लेकरांना पाजायला तेवढीच जागा. ओटिली मावशी खोली सांभाळते. आत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "फ्रीडा, ऐकलंस? आपल्याला पाडणार आहेत!"

आपल्याला म्हणजे कोर्टाला. जिल्हा मंडळाचे सभासद तीन. अध्यक्ष हेनिग यांना नवं सपाट छपराचं हवं. म्हातारे बेअर्ड नको म्हणतात. उरले राइनहोल्ड! मत सत्तावीस तारखेला. आणि घरी मला अक्षर बोलले नाहीत.

रविवार, १२ सप्टेंबर

प्रवचनात लक्ष लागलं नाही. आमच्या बाकावरून खिडकीतून कोर्टाचा मनोरा दिसतो. देवा, क्षमा कर — आमच्या चर्चचा कळस त्याच्यापुढे ठेंगणाच.

गुरुवार, १६ सप्टेंबर

कोट परत केला. टपाल एकसष्ट सेंट.

तिथून उगीचच कोर्टात गेले. कुत्र्याचा परवाना काढायचा होता, तो जानेवारीतही चालला असता.

पन्नाशी आली, पण त्या कमानीखालून जाताना अजून पाठ ताठ होते. दगड आमच्याच खाणीतला, लोण्याच्या रंगाचा. बाहेरून खडबडीत ठेवलाय, दाराशी मात्र असा घासलाय की हात फिरवावासा वाटतो. पायऱ्यांत शिंपले आहेत! खरे शिंपले, दगड झालेले. शेकडो मैलांत समुद्र नाही आणि आम्ही शिंपल्यांवर पाय देऊन कर भरायला जातो. पाळक म्हणतात नोहाच्या पुरातले. असतील.

आत लोखंडी जिना, वळणावळणावर द्राक्षांचे घोस ओतलेले. वरच्या रंगीत काचांतून ऊन फरशीवर पडतं, तेव्हा खटल्याला आलेला माणूससुद्धा क्षणभर थांबतो. या दालनात आमचा लग्नाचा परवाना झाला. राइनहोल्डच्या टोपीवर लाल उजेड पडला होता, ते मला अजून दिसतं.

आणि हे सगळं बांधलं कुणी? मातीच्या ढेकळांच्या घरांत राहणाऱ्यांनी! शेजारच्या हॅलॉक गावानं जिल्ह्याचं ठाणं पळवायचं ठरवलं होतं. आमच्या लोकांनी दप्तर धान्याच्या गाडीत, ओटच्या पोत्यांखाली दडवून इथं आणलं. मग ठरलं, आता असं काही बांधू की गाडीत घालून नेताच येणार नाही.

मनोऱ्यावर न्यायदेवी. एका हातात तलवार, वादळात वाकलेली. दुसऱ्यात तराजू. काखेत कायद्याच्या कागदांची गुंडाळी. लहानपणी वाटायचं, आपण खोटं बोललो की ती खाली वाकून बघते.

मंगळवार, २१ सप्टेंबर

राजधानीहून, टोपेकाहून, हेनिगनी वास्तुतज्ज्ञ आणलाय, मि. लॉरिंग. तरुण आहे, बूट पांढरे. दोन दिवस दुर्बीण लावून मनोरा बघतोय आणि एकटाच हसतोय.

जेवताना यांना विचारलं, "तुमचं मत कुणीकडं?"

"बटाटे दे."

दिले.

सोमवार, २७ सप्टेंबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर झोप यायची नाही.

सभा वरच्या मजल्यावर, खटले चालतात त्या दालनात. पुरुष खाली, आम्ही बायका सज्जात. मि. लॉरिंग आधी छपरावर बोलले. गळतं, ते खरंच आहे. मग म्हणाले, "आणि ज्या न्यायदेवीसाठी तुम्ही एवढे हळवे होता, ती न्यायदेवी नव्हेच. डोळ्यांवर पट्टी आहे? नाही. हातात तलवार नाही, विळा आहे. काखेत गव्हाची पेंढी. ही रोमन लोकांची पिकांची देवी! तराजू म्हणजे मागाहून टांगलेली, साय धरायची दुधाची ताटं."

जन्मभर गहू पिकवणारे आम्ही, आणि गहू ओळखला नाही!

हेनिग उठले. "दप्तरात ऑर्डर सापडलीय, अठराशे एकोणनव्वदची. नमुना एकावन्न मागवला होता. पण एकाला अशी शेंडी, की कंपनीनं सत्तावन्न पाठवला. आणि तेव्हा कारकून कोण? राइनहोल्ड, तुझे आजोबा! न्यायसुद्धा तुमच्या घराण्याला धड मागवता आला नाही होय?"

खसखस पिकली. यांचे कान लाल झालेले मला वरून दिसले.

"शिवाय मूर्तिपूजकांची देवी!" हेनिग म्हणाले. "तिच्याखाली बायबलवर हात ठेवून शपथा घेतो आपण."

तेवढ्यात ओटिली मावशी सज्जाच्या कठड्याला धरून उभी राहिली. "ताटं माझ्या बाबांनी टांगली. पत्र्याचं काम त्यांचंच. खोकं उघडलं तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं."

"मग परत का नाही पाठवली?" लॉरिंगनी विचारलं.

"कशाला? त्या साली टोळांनी शेतं खाल्ली होती, पोरा. न्याय मागवला आणि भाकरी आली. भाकरी कुणी परत पाठवतं?"

मागच्या बाकावर एकानं टोपी काढली. मग आणखी एकानं.

मतं झाली. हेनिग — पाडा. बेअर्ड — ठेवा. राइनहोल्डनी आपले तळहात बघितले. मग म्हणाले, "छप्पर दुरुस्त करू या."

एवढंच!

ट्रकमध्ये मी विचारलं, "मावशीच्या बोलण्यानं ठरलं?"

"सभेआधीच लॉरिंगची दुर्बीण मागून घेतली होती. पेंढी बघितली." गिअर टाकला. "नीट बांधलीय. आपल्याकडं बांधतात तशी."

मंगळवार, २८ सप्टेंबर

देवाचे आभार. कोर्ट आज जास्तच पिवळं दिसलं.

शनिवार, २ ऑक्टोबर

दाण्याच्या दुकानात यांना 'सात' म्हणून हाका मारायला लागलेत. "काय रे सात, किती पोती?" हे हसण्यावारी नेतात. पण घरी आल्यावर भिंतीवरची आजोबांची तसबीर काढून कपाटात ठेवली.

पाळक मात्र भेटायला आले. म्हणाले, रोजची भाकर आज आम्हांस दे, हे तर आपण रोज मागतोच. त्या बाईच्या पायाशी बसायला हरकत नाही, फक्त तिची प्रार्थना करू नका.

शनिवार, ९ ऑक्टोबर

तळघरातल्या खोलीत एक परकी बाई बसली होती. मिसेस ऑर्फा टल, दक्षिणेकडच्या बेल्ट्रन गावच्या. नवरा ट्रक दुरुस्त करून घेत होता. मावशीनं देवीची गोष्ट सांगितली, तर बाई हसता हसता रडायला लागल्या.

"अगं, आमच्या धान्यबाजारावर पिकांची देवी मागवली होती, त्याच साली! आली डोळे बांधलेली, हातात तराजू घेतलेली. शेतकरी म्हणतात, बरोबर आहे, आमचे व्यापारी असंच मापतात!" डोळे पुसले. "महिनाअखेर बाजार पाडणार. देवी भंगारात."

म्हणजे खोकी बदलली. कारखान्यात नाहीतर स्टेशनात.

रात्री जेवताना यांना सांगितलं. काटा खाली ठेवला. "म्हणजे आजोबांचा एक —"

"एकच होता."

उठले, कपाटातून तसबीर काढली, बाहीनं पुसून जागच्या जागी लावली. मग माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "मग ती आपली नाही, फ्रीडा."

मी कोट परत करणारी बाई. मला हे कुणी सांगायला नको होतं. देवा, एवढ्या एकदा बेल्ट्रनच्या लोकांनाच 'नको, राहू दे' म्हणायची बुद्धी दे.

कार्ड, दोन सेंट. लिहिलं ते असं:

मिसेस टल यांस. तुमची बाई आमच्याकडे आहे, आमची तुमच्याकडे. तुमची हवी असल्यास आम्ही जपून उतरवून देऊ. नको असल्यास आमची भंगारात देऊ नका, आम्ही ट्रक घेऊन न्यायला येतो. दोघींना पुरेल एवढं आमचं छप्पर मोठं आहे. पत्ता, टपालपेटी ११. दोन्ही एक आहेत, सात नव्हेत. उलट टपाली कळवावे.