आठ नंबरांची नीलिमा

परमगोपनीय अहो,

स्वर्गात पासवर्ड लागत असतील तर तुम्ही सुखात असाल. इथे मी वर्षभर तुमच्या आधारकार्डावरच्या फोटोला हार घालून राहिले. त्यात तुम्ही संशयित आरोपीसारखे दिसता. बाकीचे सगळे फोटो तुमच्या लॅपटॉपात कुलूपबंद, आणि त्याला अठ्ठेचाळीस आकडी चावी हवी. तेलीबांधा चौकातला दुरुस्तीवाला म्हणाला, "दीदी, चाबी नहीं मिली तो सब मिटाना पड़ेगा." देव्हारा, लॉकर, तुमच्या स्वेटरचे खिसे, सगळं धुंडाळलं. वेदसुद्धा कोणी इतके लपवले नव्हते. निदान मुखोद्गत तरी करवले.

आज तुमची लेक मोनाली तुमचा मोबाईल घेऊन आली, चेहरा पाडून. "मम्मी, पापा के फोन में ये नीलिमा कौन है? एक औरत के आठ नंबर?"

प्रत्येक नंबर सहाच आकड्यांचा होता. ओळीनं भरले, लॅपटॉप उघडला.

मग पोरीला सांगावं लागलं की ती बाई मीच. लग्नात ताटातल्या तांदळावर तुम्ही 'लता' लिहिलंत, तेव्हापासून माहेरचं नाव कोणी घेतलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. एकदा तरी त्या नावानं हाक मारायची होती हो. मी आधी त्याच नावाखाली शोधलं असतं.

तुमची,
पूर्वाश्रमीची नीलिमा