सरपंचाच्या नवऱ्याचा लाल कान

तीर्थरूप संगप्पा अण्णास,

धाकट्या बहिणीचा, शांतम्माचा, शरणार्थ. तुमची शुगर कशी हाय? वहिनीचे गुडघे? आमचं बरं हाय. (बरं नसलं तरी पत्रात बरंच लिहितात, म्हणून लिहिलं.) फोनच केला असता, पण माझं निम्मं झालं की तुम्ही ठेवून देता. पत्र निम्म्यात ठेवलं तर वहिनी उरलेलं मोठ्यानं वाचून दाखवती, हे मला ठावं हाय.

तुमच्या लेकीच्या, तनुजाच्या लग्नात तुम्ही माझा सत्कार ठेवला. माईकवर "आमच्या भगिनी, विद्यमान सरपंच" म्हणणार, शाल घालणार. आन् वरून सांगता, लेकरांना शेजारी कुणापाशी ठेवून या, चार लोकांत बरं दिसत नाही. अण्णा, मिहिर बारा वर्षांचा, मालविका नऊची. दोघं स्वमग्न हाईत, हे लातूरच्या डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं. उडून पाव्हण्यांना लागत नाही ते.

तुम्ही म्हणता, गाव सांभाळती मग घर का जमत नाही. ऐका. दुसऱ्या गावात बाई सरपंच असली तरी खुर्चीत नवरा बसतो. आमच्यात उलटं झालं. मिहिर आमच्या ह्यांच्याच हातानं जेवतो. भाताला वरण लागलं की ताट उडालंच. मालविका ह्यांच्या शर्टाचं टोक धरल्याबिगर झोपत नाही. मग खुर्चीत बसायला ह्यांना सवड कुठली? मलाच बसावं लागलं. ग्रामसेवक पहिल्या वर्षी सारखं विचारायचा, "बसवंतराव कुठायत?" म्हटलं, "वरणातली मोहरी वेचून राहिलेत. सही माझी घ्या."

नवरा-बायकोचं बोलणं आता उंबऱ्यात होतं, एकजण आत येतो, दुसरा बाहेर. "नळाला पाणी आलं?" "हाव." "जेवला का?" "निम्मं." एवढाच संसार. एकदा मी पाण्याच्या टाकीच्या भांडणातून तापून आले आन् ह्यांच्यावर ओरडले, तर मालविका कान झाकून भिंतीवर डोकं आपटायला लागली. तवापासून घरात ओरडणं बंद. माझ्यासारखीला ते किती जड, तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं हाय.

मागल्या ग्रामसभेला ह्यांना ताप होता, म्हणून लेकरं सोबत नेली. मिहिर उठला आन् माईकची वायरच उपटली. आवाज सहन होत नाही त्याला, एवढंच. तर गल्लीतली गुरम्मा दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन त्याच्या पाया पडायला हजर, म्हणती, देवाचं लेकरू हाय. म्हटलं, "देव असता तर माईकच्या आधी तुझं तोंड बंद केलं असतं." (नारळाची चटणी केली.) गावाला ते देव म्हणून पाहिजे, तुम्हाला शेजाऱ्याकडं ठेवलेलं पाहिजे. नुसतं लेकरू म्हणून कुणालाच नको.

तुम्ही हसून विचारलं ना, "नवऱ्याचे कान पिळतीस म्हणं?" ह्यांचा डावा कान महिनाभर लाल हाय, खरं हाय. पारावर बसून सगळे म्हणतात, सरपंचीणबाईचं काम. म्हणू द्या. आमचे हे सुद्धा कुणाला काही सांगत नाहीत.

सत्कार मला नको. शाल दुकानात वापस द्या. वहिनीला नमस्कार, तनुजाला लई लई आशीर्वाद.

तुमची,
शांतम्मा

ता. क. : तनुजाला सख्खा भाऊ नाही. नवरदेवाचा कान पिळायचा मान कुणाचा, ते तुम्ही अजून बोलला नाहीत. मिहिर माणसाला हात लावत नाही, ठावं हाय. पण आमचे हे रोज संध्याकाळी पाटावर बसतात, शेजारी तनुजाचा फोटो ठेवतात आन् कान पुढं करतात. आधी तो नुसता बघायचा. आता पिळतो. सोडायचं तेवढं अजून जमलं नाही.

आणखी ता. क. : तेवढा वेळ माईक आन् बँड बंद ठेवा. आन् नवरदेवाला आधीच सांगून ठेवा, दुखलं तरी ओरडायचं नाही. हे महिनाभर ओरडले नाहीत.