शकूच्या चित्रातली चूल

श्रीगोंदा, गुरुवार, १० फेब्रुवारी १९७२

दत्तक गेलेली मुलं नव्या घरी मनाने रुळली का, हे तपासणाऱ्या बाई आज नगरच्या आश्रमातून आल्या होत्या. शाळातपासणी असावी तशी मी तयारी केली. शकूला नवा फ्रॉक घातला, "आई रोज दूध देते" हे घोकून घेतलं. बाईंनी त्यातलं काही विचारलंच नाही! कागद-खडू दिले नि म्हणाल्या, "तुझं घर काढ."

शकूने आमचंच घर काढलं, पोचा पडलेल्या घागरीसकट. पण चुलीपुढे हिरव्या लुगड्यातली बाई. "ही सखूमावशी. आश्रमात भाकरी करती."

माझ्या चुलीपुढे सखू! आठ महिने भाकऱ्या कोण थापतंय? ते हिरवं लुगडं डोळ्यांपुढून हलत नाही. लहान पोरीच्या चित्रावर कुणी जळतं का? मी जळतेय.

चित्रातल्या दाराबाहेर आणखी एक बाई उभी होती. "आणि ही कोण?" बाईंनी विचारलं.

"ती माझी आई. अजून आत आली न्हाई."

बाई खूश. मला म्हणाल्या, "आई म्हणाली तुम्हाला! आणखी काय हवं?"

काय हवं? ती चुलीपुढची जागा हवी.