बोट ओढायला गाडी

४ मार्च, सोमवार

व्हॅन मेली. भर उतारावर! बोट ट्रेलरवर चढून पाण्यातून निम्मी वर आली होती आणि खालून कड्कन आवाज आला. वहिनीने हँडब्रेक ओढला, उतरली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हिची कंबर मोडली." इतक्या वर्षांच्या खाऱ्या पाण्याने चासी आतून खाल्लेली. पत्रा बिस्किटासारखा हातात येत होता.

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणून बोट अंगणात आणली. ट्रॅक्टर कुणी चालवला? वहिनीने. अर्थात!

मी काठावर चपला हातात घेऊन उभी होते. तेवढंच माझं काम.

६ मार्च, बुधवार

जेवताना बाबांनी जाहीर केलं — "नवी गाडी हेडमास्तर निवडेल." हेडमास्तर म्हणजे मी. या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून ज्यात आकडे असतील ते सगळं माझ्या गळ्यात. मीटर, खत, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. आई म्हणाली, "मग एवढं शिकवलंय कशाला!" आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, बाकी काही बघू नका, रंग तेवढा बरा बघा." बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

माझ्या विनोदांवर बाबा "हं" म्हणतात.

लिहू का खरं? मी लहान असताना बोटीजवळ गेले की बाबा म्हणायचे, "हात खराब होतील. जा, अभ्यास कर." मी गेले. केला अभ्यास. मग दादाचं लग्न झालं, दोन महिन्यांत तो शहरात कामावर गेला, आणि बाबांची मान आखडली. मागे वळून बघता येईना. ट्रेलर मागे घेऊन पाण्यात उतरवायचा तर मान वळायलाच हवी. वहिनीच्या माहेरी सगळे ट्रकवाले. ती पदर खोचून म्हणाली, "मी बघू का?" — आणि ट्रेलर दोरी धरल्यासारखा सरळ पाण्यात!

त्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "घरात दुसरा मुलगा आला बघ."

मुलगी तर आधीपासून होतीच की घरात.

७ मार्च, गुरुवार

बाबांना विचारलं, बोट किती वजनाची?

"सहा माणसांची."

म्हणजे किती?

"म्हणजे वाळूतून ओढायला सहा माणसं लागतात. वाळू ओली असेल तर पाच."

यावर मी गाडी निवडायची!

१० मार्च, रविवार

आज बोट खडीच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. कल्पना माझी. जाळी, बर्फाची पेटी, नांगर, इंजिन, पेट्रोलचे कॅन — जसं रोज जातं तसं सगळं आत. मी सगळं नीट तपासलं होतं. ट्रॅक्टरवर वहिनी, मी मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, बांगड्या घट्ट धरून.

काटेवाला बोटीकडे बघतच राहिला. मग वजन वाचून वहिनीला (मला नाही) म्हणाला, "बाई, तुम्ही मासे विकता की पाणी?" काल मी बोट धुतली आणि तळाचं बूच लावलेलंच राहिलं. आत घोटाभर पाणी! वहिनी हसत हसत खाली शिरली, बूच उपसलं, आणि सगळं पाणी माझ्या सँडलवर. ती म्हणाली, "असू दे हो, वन्संनी तिला न्हाऊ घालून आणलंय." काटेवाला खो खो हसला. पुन्हा वजन केलं. पाणी गेल्यावरही बोट इतकी जड निघाली की जुनी व्हॅन तिच्यापुढे पोरच होती. इतकी वर्षं तिने ओढली कशी कोण जाणे.

घरी येऊन वहिनीने हे सांगितलं नाही. मी वाट बघत होते की आता सांगेल, आता सांगेल. नाही सांगितलं. त्याचाही राग आला.

११ मार्च, सोमवार

हेवा. लिहून पाहिला. दोनच अक्षरं.

१४ मार्च, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेले. पत्र्याची शेड, मागे कुत्रं बांधलेलं, आत तेलाचा आणि उदबत्तीचा वास. दलालाने रुमालाने खुर्ची पुसली. "बसा मॅडम. बोट ओढायचीय ना? कळलंय मला."

तीन गाड्या दाखवल्या.

पहिली लाल, चकचकीत, शहरी. जोर पुढच्या चाकांना. मागे ट्रेलरचा भार पडला की नाक वर उचलणार आणि पुढची चाकं शेवाळावर नुसती फिरत राहणार. मी हे सांगितलं तर दलाल म्हणाला, "मॅडम, पण टेप बघा ना हिचा!" नको.

दुसरी पांढरा पिकअप. ओढायला दणकट, ब्रेक चांगले, क्लच लोण्यासारखा मऊ. जोर मागच्या चाकांना. पण मागचा हौदा रिकामा असला की तो हलका पडतो, ओल्या उतारावर घसरू शकतो.

तिसरी जुनी हिरवी जीप. "ही तुमच्यासाठीच ठेवलीय," दलाल म्हणाला. प्रत्येकीला असंच म्हणत असणार. चारही चाकांना जोर, शिवाय वेगळा छोटा दांडा — तो ओढला की मुंगीच्या पावलांनी चढते. लांबीला आखूड. मी चढून बसले तर सीट पार पुढे ओढलेली, माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले! मी बाबांवर गेलेय, ताडमाड. सीट मागे सरकवली आणि बरोबर बसले. क्लच दाबून पाहिला. जड. जमिनीपर्यंत न्यावा लागतो, सगळा पाय ताणून.

आणि तेव्हाच मनात आलं — वहिनीचा पाय इथवर पोचणार नाही.

लिहिलं. आता खोडणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार

जीपच चांगली आहे. शेवाळ, चढ, वजन — कुठल्याही बाजूने पाहिलं तरी उत्तर जीप येतं. कारणं खरी आहेत. खोटी मी आहे.

कारण पिकअपचं घसरणं थांबवायला हौद्यात वाळूची दोन पोती टाकली की पुरे. हे मला माहीत आहे. ऑफिसातल्या शीतगृहाचा ड्रायव्हर रोज तेच करतो. मग दोन्ही गाड्या जवळपास सारख्या. आणि पिकअपचा क्लच वहिनीसुद्धा हसत हसत दाबेल.

पोत्यांचं बाबांना सांगायला हवं. सांगेन.

१७ मार्च, रविवार

नाही सांगितलं.

बाबा, आई, वहिनी — तिघंही माझ्यासमोर बसले होते. मी उभी राहून बोलले, शाळेत बोलतात तसं. पिकअपचं नाव काढलं आणि म्हटलं, "पण तो उतारावर घसरेल." आणि थांबले. मी वहिनीकडे बघितलं. ट्रकवाल्यांची मुलगी! पोत्यांचं तिला माहीत नसेल असं होईल? आता बोलेल, "अहो वन्सं, दोन पोती टाका की." आणि मी सगळ्यांसमोर उघडी पडेन.

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "हो, घसरेल. जीपच बरी."

बाबा म्हणाले, "हेडमास्तरांचा निकाल लागला!" आणि माझ्याकडे बघून मनापासून हसले. किती दिवसांनी.

मला जेवण गेलं नाही.

२० मार्च, बुधवार

जीप आली. वहिनी चढून बसली. सीट पुढे, अजून पुढे, पाठीशी उशी. क्लचच्या पेडलला नुसती बोटं टेकतात. घरंगळत खाली सरकली तेव्हा कुठे पेडल दबलं, आणि मग काचेतून तिचा नुसता अंबाडा दिसायला लागला! आई तोंडावर पदर घेऊन हसली. वहिनीही हसली.

बाबा म्हणाले, "त्यात काय, पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवू."

पण वहिनीच म्हणाली, "नको बाबा. उतारावर ठोकळा सटकला तर तुम्ही बोटीसकट थेट पुढच्या देशात."

"मग चालवणार कोण, सूनबाई?"

"कोण म्हणजे? ज्यांनी निवडली त्या."

सगळे माझ्याकडे वळले. मला हेच हवं होतं ना?

२४ मार्च, रविवार

मैदानात सराव. मी, वहिनी आणि मागे रिकामा ट्रेलर. साधं चालवणं मला येतं, ट्रेलर मागे घेणं हे वेगळंच जनावर. उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. मी कागदावर आकृती काढून नेली होती. चौथ्या झटक्याला जीप आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटायला लागले — "थांब! थांब तू! सोड सगळं!" वहिनी ओरडली. पहिल्यांदाच मला "तू" म्हणाली. थांबले तेव्हा मध्ये एक हात जागा उरली होती.

तिने माझी आकृती घेतली, घडी घातली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

"वन्सं, हात स्टिअरिंगच्या वर नको. खाली धरा. अगदी तळाशी. आता ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्याच बाजूला हात न्या. बाकी डोकं चालवू नका."

डोकं चालवू नका — मला!

पण जमलं! थोडंसं. वाकडंतिकडं.

का शिकवतेय ही मला इतकं जीव तोडून? मी तिच्या हातातलं काम काढून घेतलं आणि ती उन्हात उभी राहून घसा कोरडा करतेय. बाबांना दाखवायला? की पुढे मी चुकले की म्हणायला, "मी तर सगळं शिकवलं होतं"? मला तिच्या चांगुलपणाचाही संशय येतो. माझं काहीतरी बिघडलं आहे.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी दादाचा फोन. वहिनी मोरीपाशी जाऊन हळू बोलत होती. "झालंच रे… शिकतेय… हो, हुशार आहे ती."

आता दादाकडेही माझ्या तक्रारी!

३१ मार्च, रविवार

आज उतरवली.

बाबा बोटीत, मी जीपमध्ये, वहिनी गुडघाभर पाण्यात. उतारावर शेवाळ नुसतं चमकत होतं. दोनदा वाकडी गेले, दोनदा वर येऊन पुन्हा सरळ केली. मागे दुसऱ्या बोटवाल्यांची रांग. एकाने हाक दिली, "अहो, ऑफिस इकडे नाही!" वहिनी त्याच्यावर खेकसली, "तुझी पहिली वेळ आम्ही बघितलीय, खांबाला विचार!"

हात खाली. तळाशी. डोकं नको.

ट्रेलर पाण्यात शिरला, बोट हलकी झाली, तरंगली. मी छोटा दांडा ओढला आणि जीप शेवाळावरून मुंगीसारखी वर चढली. मागे वळून बघितलं तर बाबा बोटीत उभे. हात वर केला. मला. हात वर केला.

वहिनी ओल्या साडीने धावत आली, खिडकीतून माझा गाल ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जळतेय. आता कळेल तिला!

हो, असंच वाटलं मला. देवा.

७ एप्रिल, रविवार

रोज पहाटे मीच जाते. हातांना तेलाचा वास येतो, ऑफिसात जाणवतो. मला आवडतो. बाबा आता जाताना वाऱ्याचं सांगतात, पाण्याचं सांगतात. काल म्हणाले, "तुला आधी का नाही आणलं गं मी?"

वहिनीला पोत्यांचं सांगून टाकायचं ठरवलं. ती भांडी घासत होती. मी म्हटलं, "वहिनी, तो पिकअप…" ती म्हणाली, "कोणता पिकअप? हे तेवढं विसळ." विसळलं. राहिलं.

१३ एप्रिल, शनिवार

वहिनी गेली. दादाकडे, कायमची. त्याने खोली तर केव्हाच घेतली होती! वर्षभर तो "ये, ये" म्हणत होता आणि ही "बाबांची बोट कोण उतरवेल?" म्हणून अडून होती. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ती या घरात मुळं धरतेय.

आई रडली. बाबांनी बॅग जीपमध्ये ठेवली आणि स्टँडपर्यंत मीच पोचवली. उतरताना ती म्हणाली, "ठोकळा नको म्हटलं ते बरं झालं ना?" आणि हसली. मला वाटलं, विनोद करतेय.

बाबांनी रात्री ताटावर बसल्या बसल्या हाक मारली — "सूनबाई!" मग स्वतःच उठून पाणी घेतलं.

१६ एप्रिल, मंगळवार

बाजारात दलाल भेटला. "काय मॅडम, जीप काय म्हणते? तुमच्या वहिनींची पारख पक्की हां!" मी म्हटलं, वहिनींची? तो म्हणाला, "म्हणजे काय, तुमच्या आधी त्याच येऊन गेल्या. सगळ्या गाड्यांत बसून पाहिलं. जीपची सीट पार पुढे घेतली, तरी क्लचला पाय पोचेना, तर एवढ्या खूश होऊन उतरल्या! मला म्हणाल्या, नणंद येईल माझी. तिला ही दाखवा. ती हीच घेईल."

सीट पुढे होती. मीच ती मागे सरकवली.