काचेतली घोणस

हिंगोली,
मार्गशीर्ष, सन १९४६

प्रिय वैनी,

हे पत्र तुला मास्तरांच्या जिवनबाई वाचून दाखवतील. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की तुम्ही दोघीच असाल तेव्हाच वाचावं आणि एकही ओळ गाळू नये. वैनी, आई जवळपास असेल तर आत्ता घडी करून पदराला बांध. ती मेंढरांकडे गेली म्हणजे काढ.

चार दिवस झाले, माझं चित्त ठिकाणावर नाही. काल एका बाळंतिणीचा काढा दुसरीला देऊन बसले. नशीब, दोघींना एकच काढा होता. सकाळी दूध चुलीवर ठेवलं आणि समोर उभी असूनही उतू गेलं. लिहायला बसते, दोन ओळी होतात, उठते, अंगणात फेऱ्या घालते, पुन्हा येऊन बसते. याआधीची तीन पत्रं चुलीत गेली. हे जाऊ नये म्हणून प्रेमसिंगला सांगून ठेवलंय, की संध्याकाळी माझ्या हातातून ओढून घे आणि टपालात टाक. प्रेमसिंग म्हणजे आमच्या दवाखान्याचा राखणदार. हसला बिचारा. त्याला वाटलं मी थट्टा करते.

आमच्या हरिचंद डॉक्टरांचं नाव तू ऐकलं आहेस. लष्करातली नोकरी संपल्यावर त्यांनी इथल्या जुन्या छावणीत बंगला घेतला, पुढच्या अंगाला दवाखाना काढला. त्यांना जीवजंतू जमवायचा नाद. फुलपाखरं, किडे, पाखरांची अंडी, साप, सगळं स्पिरिटात नाहीतर टाचणीवर. इतकी वर्षं ते सामान पेट्यांत पडून होतं. औंदा त्यांनी मागच्या तीन खोल्या रंगवून घेतल्या, सहा महिने कुलूप लावून एकट्यानं मांडामांड केली, आणि गेल्या बाजाराच्या दिवशी खोल्या सगळ्यांना उघडल्या. अजबखाना म्हटलेलं त्यांना खपत नाही. "ही चित्रशाळा आहे," म्हणतात. "इथे नावं पाठ करू नका. नुसतं बघा, देवानं काय नक्षी काढली आहे."

आणि खरंच तसं आहे, वैनी. खोटं कशाला बोलू? पहिल्या खोलीत फुलपाखरं काळ्या मखमलीवर अशी लावलीत, की दारातून बघावं तर दिवाळीची रांगोळी. पाखरांची अंडी पांढऱ्यापासून गर्द निळ्यापर्यंत ओळीनं, कासारणीनं बांगड्या मांडाव्यात तशी. एका धामणीचा नुसता सांगाडा आहे, गोल वळवून ठेवलेला. बाया म्हणाल्या, चंद्रहारच की गं! बाजाराला आलेली माणसं डोक्यावरची गाठोडी दाराशी ठेवून आत येत होती आणि देवळात बोलावं तशी हळू बोलत होती. मीही चकित होऊन बघत होते. कुणी मेलेलं आहे असं तिथं वाटतच नाही.

तिसऱ्या खोलीत अंधार होता. वरच्या झरोक्यातून ऊन एकाच बरणीवर पडत होतं. आत वाळक्या पांढऱ्या फांदीला वेढे घातलेली घोणस. पाठीवरची साखळी अगदी ठळक, एकेक कडी मोजून घ्यावी अशी. माझ्या मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, पैठणीचा काठ बघ जणू!" खाली डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मी वाचली. घोणस. कुरुंद्याचा शिवार. २५ ऑक्टोबर १९३९. भेट : शालूबाई.

मी मागं सरायला लागले तेवढ्यात डॉक्टरांनी मला सगळ्यांपुढे ओढलं. म्हणाले, ही एवढी मोठी घोणस जिवंत आणून देणारी बाई ती हीच. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, माझ्या केसांत गजरा माळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी हात जोडले, वैनी. मी हात जोडले आणि हसले.

तारीख तुला कळायची नाही. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, बुधवार. आता कळलं असेल.

जिवनबाई, इथं जरा थांबून तिला पाणी द्या.

त्या वर्षी माझा संसार मोडून मी इथं येऊन पडले होते. लेकरू गेलं, नवऱ्यानं दुसरी केली. द्वारकाबाईंनी दवाखान्यात झाडलोट दिली, पण "दिवाळीपर्यंत बघू" असं म्हणून. दिवाळीनंतर कुठं जायचं ही काळजी होती. अशात एके दिवशी डॉक्टर म्हणाले, मोठी घोणस हवी, अंगाला कुठं जखम नसलेली. मी चटकन बोलून गेले, माझा भाऊ धरतो. मसाजीदादानं तुझ्याशी लग्न लागताना खंडोबाचा भंडारा उचलून आईला शब्द दिला होता, की साप धरणार नाही. मला ते ठाऊक होतं. तरी मी दसऱ्याला कुरुंद्याला घरी आले आणि मेंढवाड्यामागं त्याला गाठून रडले. म्हटलं, एक घोणस दे, माझं बूड टेकेल. तो म्हणाला, "येवढंच व्हय? रडून काहून राहिलीस?"

बुधवारी तू त्याला लंगड्या मेंढीसाठी बोरीचा पाला आणायला सांगितलंस. सांगितलं नसतंस तरी तो जाणार होता. त्यानं आधीच्या दिवशी हळदीच्या वावराच्या बांधाला घोणस हेरून ठेवली होती. तुझा पाला हे त्याला बाहेर पडायला निमित्त झालं. दिवस मावळायला तो परत आला तो सरळ माझ्याकडं, मेंढवाड्यामागं. काखेत पाला, हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. मडकं माझ्याकडं दिलं आणि मग हात पुढं केला. अंगठ्याशी दोन टिपके. "आईला सांगू नको," म्हणाला. "पाला काढताना चावला म्हणू. मडकं आधी लपीव."

आणि मी मडकं लपवायला गेले. हे मी आजवर देवापुढंसुद्धा बोलले नाही. माझ्या भावाचा हात सुजत होता आणि मी कडब्याच्या गंजीत जागा करत होते. वरून पेंढ्या रचल्या, कुणाला दिसतंय का ते पुन्हा बघून आले. तोवर तो खाली बसला होता. मग आरडाओरडा केला, मग मारुतीच्या देवळात नेला, मग निंबाचा पाला, मग मंत्र. हिंगोलीला न्या, असं मी एकदाच म्हणाले, तेही हळू. डॉक्टरांपुढं सगळं बाहेर येईल ही भीती होती. पहाट व्हायच्या आत तो गेला.

तू मागवलेला पाला अंगणात पडला होता. आईनं तो उचलून तुझ्या अंगावर फेकला. "तूच धाडलंस माझ्या लेकराला, पांढऱ्या पायाची!" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. पहिल्या दिवशी दादाचं "आईला सांगू नको" आठवलं म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी भीतीनं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता बोलले तर काल का बोलली नाहीस म्हणतील. मग तेरावं झालं आणि मी मडकं गोधडीत गुंडाळून हिंगोलीची वाट धरली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घोणस धरल्याचा दिवस तेवढा सांगितला. दिवाळीनंतर मला कुणी जा म्हटलं नाही.

घोणस डॉक्टरांनी हैदराबादच्या अजबखान्यात धाडली असेल, असं मी धरून चालले होते. तू मात्र आईच्या घरातच राहिलीस. नव्या कोकराला तू हात लावायचा नाही, लग्नाच्या मांडवात पुढं यायचं नाही, आणि आईचे पाय मात्र रोज तूच चेपायचे. मी वर्षातून एकदा येते, तेव्हा तू मला लोण्याचा गोळा बांधून देतेस. तो मी इथं येऊन खाते.

काल सकाळी मी डॉक्टरांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, "शालू, सात वर्षं तू रोज माझ्यासमोर आहेस. मला का सांगितलं नाहीस? त्या रात्री आणलं असतं तर मी काहीतरी केलं असतं." मी म्हटलं, चिठ्ठी बदला एवढंच मागायला आले. मसाजीचं नाव घाला आणि तो याच घोणसीनं गेला हेही लिहा. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "लोक इथे सुंदर काही बघायला येतात. ते वाचून कोण क्षणभर तरी उभं राहील?" मी म्हटलं, मग बरणी खाली काढा, नाहीतर मला काढा. माझ्या नावाखाली ती तिथं राहायची नाही.

ते उठले. मला वाटलं, आता गाठोडं बांधायचं. पण त्यांनी दौत घेतली, नवी चिठ्ठी कापली आणि मलाच विचारलं, "मसाजी पुढे काय लिहू?" मी म्हटलं, मेंढपाळ, कुरुंदा. त्यांनी लिहिलं. खाली लिहिलं, ही धरताना दंश होऊन मृत्यू. आज बरणीपुढं एक म्हातारा धनगर चिठ्ठी वाचून घेऊन कितीतरी वेळ उभा होता. डोक्याचं पागोटं काढून उभा होता.

आता एक गोष्ट मागं ठेवली आहे, ती सांगते, म्हणजे हे पत्र कशासाठी ते कळेल. परवा आखाडा बाळापूरचे ग्यानबा दवाखान्यात आले होते. तुझ्याशी पाट लावावा म्हणून ते दोनदा आपल्या घरी येऊन गेले आणि आईनं त्यांना काय सांगून परत धाडलं, ते तुला माहीत आहे. ते औषधाला आले नव्हते. बाकावर बसून राहिले, सगळे गेल्यावर म्हणाले, "शालूबाई, तुमची आई म्हणती, हिनं नवऱ्याला मराय धाडलं. तुमी त्या दिवशी घरात व्हत्या. तुमी न्हाई म्हणा, मी तिसऱ्यांदा जातो." वैनी, एवढं साधं विचारलं त्यांनी. आणि मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगते. कारण ते उत्तर सगळ्यांच्या आधी तुझ्या कानावर पडायला हवं. ग्यानबांकडं जायचं की नाही ते तूच ठरव, तुझ्यावर कुणाची सक्ती नाही. पण जे तू केलंच नाहीस त्याच्यापायी ते दार बंद राहू नये. सोमवारच्या मोटारीनं मी कुरुंद्याला उतरते आहे. आधी आईपुढं, मग बाळापूरला. तुझ्याकडं माफी मागत नाही. तू देऊन टाकशील, मला ठाऊक आहे, आणि मला ती इतक्या लवकर नको. आईनं मला बघून दार लावलं तर एवढंच कर, की आतून कडी घालू देऊ नकोस. उंबऱ्यावरून का होईना, मला बोलू दे.

तुझीच,
शालू